लेडीज डे आणि नौरसचा पाळणा

मला फक्त पाळण्यात बसायचं होतं. आकाशपाळण्यात, म्हणजे जत्रेत ते मोठं चाक असतं ना, त्यात. माझ्या मते ही इच्छा माफक होती. आखातात जन्म घालवलेल्या बायका निघताना काय काय मागतात. कुणी सोनं मागते, कुणी नाशिकला गच्चीवर खोली मागते. मी एका गंजक्या चाकातली एक फेरी मागितली, नवऱ्याबरोबर. ‘नवऱ्याबरोबर’ हा शब्द घातला तिथेच सगळं बिघडलं.

पुढच्या गुरुवारी आम्ही कायमचे भारतात परतणार होतो. अल क्वोजमधलं वर्कशॉप मालकाने बंद केलं, आणि यांचा व्हिसा त्याच्याबरोबर गेला. मुलगा म्हणाला, “बाबा, मी तुम्हाला स्पॉन्सर करतो, इथेच राहा.” हे म्हणाले, “बापाने मुलाच्या व्हिसावर राहायचं?” आणि विषय संपला. तेव्हापासून यांनी घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. सोफा विकला गेला होता, म्हणून प्लास्टिकच्या खुर्चीत बसून भिंतीकडे बघायचे. भिंतीवर आधी कॅलेंडर तरी होतं, तेही मी काढून बांधलं होतं. कुणी भेटायला आलं की आत जाऊन झोपायचे. “निरोपबिरोप काही नको. गुपचूप जायचं,” म्हणायचे. अहो, तरुणपणी आलेला माणूस पांढऱ्या केसांनी परत जातोय, तो काय चोरासारखा जाणार? मला ते पटेना. म्हणून पाळणा.

ज्यांनी नौरसचा धक्का पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. शारजाच्या किनाऱ्यावर समुद्रात आत घुसलेला लांब लाकडी धक्का आहे. त्यावर हा पाळणा, गोल फिरणारे घोडे आणि उंट, एकमेकांना धडका द्यायच्या मोटारी आणि पार टोकाला करक, म्हणजे इथल्या कडक दुधाळ चहाची टपरी. आता त्याच्या आजूबाजूला काचेच्या इमारती आहेत. एक्क्याऐंशी साली मी लग्न होऊन आले तेव्हा आजूबाजूला वाळू होती, आणि वाळूच्या मागे आणखी वाळू होती. विमानातून उतरल्यापासून मी आईच्या नावाने रडत होते. यांनी बायको रडायला लागली तर काय करायचं हे कुणाला तरी विचारलं असावं, कारण पहिल्याच शुक्रवारी मला नौरसला नेलं. पाळणा वर गेला. यांनी समुद्राकडे बोट दाखवून सांगितलं, “तो बघ, त्या बाजूला आपली मुंबई.” मी डोळे पुसले आणि हात हलवला. त्यानंतर कित्येक वर्षं मी दर शुक्रवारी त्या दिशेला हात हलवत आले. मुलगा चौथीत गेला, नकाशा शिकला, आणि त्याने सांगितलं की तिकडे इराण आहे. हे म्हणाले, “मग काय झालं? त्यांनाही बरं वाटलं असेल.”

त्या वेळी धक्क्यावर शुक्रवारी सगळा हिंदुस्तान लोटायचा. एक फोटोवाला असायचा. त्याच्याकडे भाड्याचा कोट मिळायचा. एकच कोट, अख्ख्या आखातातल्या तरुण मुलांनी आलटून पालटून घातलेला. आमच्याकडच्या कितीतरी घरांत भिंतीवर तो कोट आहे, आतला माणूस तेवढा वेगळा. उकडलेले मसाल्याचे चणे कागदाच्या पुडीत मिळायचे. कॅसेटमध्ये पत्र बोलून गावाला पाठवायचे ते दिवस. मी तर एकदा पाळण्यात टेपरेकॉर्डर नेला होता, सासूबाईंना समुद्राचा आवाज ऐकवायला. त्यांना फक्त चाकाची करकर ऐकू आली. त्यांनी उलट निरोप पाठवला, “घरातल्या दाराला तेल घाला.”

तर हा धक्का महिन्याअखेर बंद होणार आणि पाळणा उतरवणार, अशी बातमी आली. मी ठरवलं: जायचं, आणि यांना घेऊन जायचं.

पहिली चूक म्हणजे मी हे लिफ्टमध्ये बोलले. आमच्या इमारतीत लिफ्टमध्ये बोललेली गोष्ट आपल्या आधी आपल्या मजल्यावर पोचते. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, “त्यापेक्षा मॉलमधल्या व्हीलमध्ये बसा, एसी असतो.” पाचव्या मजल्यावरचे गृहस्थ पूर्वी सेफ्टी ऑफिसर होते. त्यांनी गंज या विषयावर दरवाजा पायाने अडवून व्याख्यान दिलं. आणि शेजारची बिलकीस म्हणाली, “मग कधी निघायचं?”

बिलकीस हर्णैची. तिचे मियाँ बदरुद्दीन आणि आमचे हे एकाच वर्षी आलेले. तीस वर्षं दाराला दार. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण बिलकीसला बोलवावं लागत नाही. “सांदणं करून आणते गो भाभी. तू पुऱ्या कर. बदरुद्दीनची गाडी हायच.” मला दोघांनीच जायचं होतं, हे तिला कसं सांगणार? चाळिशी उलटलेल्या संसारात नवऱ्याबरोबर एकटीने फिरायला जायचंय, हे सांगायची आमच्या पिढीला लाज वाटते. मी म्हटलं, “कर, कर.”

मग सून अर्चना आली, आणि तिच्याबरोबर नात काव्या. काव्या पंधरा वर्षांची. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं उत्तम चालतं. दिवस मी निवडला. शुक्रवार. नौरसला शुक्रवारीच जायचं असतं. शुक्रवार म्हणजे आमचा रविवार. सरकारने मध्यंतरी सुट्टी शनिवार-रविवारवर नेली हे मला माहीत आहे, बातम्या मीही बघते. पण शुक्रवार तो शुक्रवार. “आणि लेडीज डे बुधवारी असतो, तेवढा टाळायचा,” मी काव्याला बजावलं. बुधवारी तिथे फक्त बायका-मुलं. हा नियम मला पाठ होता. माझ्यासारख्या जुन्या माणसाला विचारल्यावर आणखी कुठे बघायची गरज नाही, असं तिलाही वाटलं असावं. मलाही तसंच वाटलं.

तिकिटं मोबाइलवरच काढायची होती. काव्याने आमचे आयडी नंबर टाकले. ॲपने विचार केला, गोल गोल फिरलं, आणि लाल झालं.

“आजी, इट सेज यू बोथ डोन्ट एक्झिस्ट.”

“म्हणजे?”

“रेसिडेंट म्हणून. तुमचा व्हिसा कॅन्सल आहे ना. नो वरीज, मी तुम्हाला टूरिस्ट केलंय.”

प्लास्टिकची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “काय केलंय?” यांनी विचारलं. महिन्याभरात पहिल्यांदा हे आपणहून काही बोलले होते, आणि ते असं.

“टूरिस्ट, आजोबा. इट्स जस्ट अ कॅटेगरी.”

“या गावात रस्ते नव्हते तेव्हापासून मी आहे. त्या धक्क्यावरचे दिवे बंद पडले तेव्हा आमच्या वर्कशॉपमधून वायर गेली होती. मी टूरिस्ट? तुम्ही जा. मी येणार नाही.” आणि हे पुन्हा भिंतीकडे वळले.

त्या रात्री मी पुरीचं पीठ मळलंच नाही. मन उठलं होतं. सकाळी बिलकीसने दार वाजवलं, माझा चेहरा बघितला आणि नवऱ्याला हाक मारली. बदरुद्दीन आत आले, आमच्या ह्यांच्या समोर उभे राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, “वासुदेव, माझा एक प्रॉब्लेम हाय. तिथं पार्किंग लय अरुंद. तू मागं उभा नाय राहिलास तर मी गाडी लावणार कशी?”

गाडी मागे घेताना ‘येऊ द्या, येऊ द्या, बास’ म्हणायला यांना फार आवडतं. आयुष्यात दुसऱ्या कशाचा नाही इतका यांना त्याचा अभिमान आहे. “फक्त गाडी लावून देईन,” हे म्हणाले, “आत येणार नाही.”

“खलास. तेवढंच पुरे,” बदरुद्दीन म्हणाले.

मी धावत जाऊन कणीक मळली. आणि कुणाला न सांगता ट्रंकेत तळाशी ठेवलेली हिरवी रेशमी साडी काढली, जी नेसून मी पहिल्यांदा नौरसला गेले होते. ब्लाउज अर्थातच होईना. बिलकीसने दोन्ही बाजूंनी उसवून, मध्ये तिच्या जुन्या ओढणीची पट्टी लावून दिली. “आता मोठा श्वास घेऊ नको,” ती म्हणाली.

दोन गाड्या, सहा माणसं, पुऱ्या, बटाट्याची भाजी, सांदणं, लोणचं, पाण्याचा कॅन आणि दोन घडीच्या खुर्च्या घेऊन आम्ही पोचलो. यांनी दोन्ही गाड्या मागे उभं राहून लावून दिल्या. एका अनोळखी माणसाचीही लावून दिली. चेहऱ्यावर जरा रंग आला होता. मला वाटलं, आता जमतंय. “आलोच आहोत तर दारापर्यंत चला,” मी म्हटलं, आणि हे चक्क आले.

दारावर रिझवान नावाचा उंच पठाण गार्ड होता. त्याने आम्हा चौघी बायकांना आत सोडलं आणि यांच्यासमोर हात आडवा केला.

“अम्माजी, आज लेडीज डे है. अंकल लोग बाहर.”

“लेडीज डे बुधवारी असतो,” मी ठणकावून सांगितलं.

“पहले था. छुट्टी बदल गई तो लेडीज डे भी बदल गया. अब जुम्मे को है. शाम को मगरिब की नमाज के बाद फॅमिली.”

मी त्याला माझा अनुभव सांगितला. तो नम्रपणे ऐकत होता. मी त्याला सांगितलं की तो जन्मायच्या आधीपासून मी इथे येते. तो म्हणाला, “बेशक, अम्माजी.” मी वरिष्ठांना बोलवायला सांगितलं. वरिष्ठ आल्या, त्याही नम्र होत्या. नम्र माणसांशी भांडण करता येत नाही, हा या देशातला माझा जुना अनुभव आहे. त्यांनी आमची पिशवी मात्र उघडून बघितली. बाहेरचं खाणं आत न्यायची परवानगी नव्हती.

मग मी यांच्याकडे वळून बघितलं. हे खांदे पाडून उभे होते. “बघ,” हे म्हणाले, “टूरिस्ट म्हणूनही नको आहे मी कुणाला. मी गाडीत बसतो.”

मला रडू आलं. ब्लाउजमुळे तेही नीट येईना.

“तू आत जा गो,” बिलकीसने माझा दंड धरला. “हे दोघं बसतील पुऱ्या राखत. मगरिबनंतर बघू, इन्शाल्ला.” आणि तिने मला ओढतच आत नेलं.

आत सगळं होतं तसंच होतं आणि काहीच तसं नव्हतं. लाकडी फळ्यांमधून खाली पाणी दिसत होतं, तसंच हिरवं. फोटोवाला नव्हता, त्याच्या जागी बायका स्वतःचेच फोटो काढत होत्या. काव्या आणि अर्चना धडकगाड्यांकडे गेल्या. बिलकीस मला पाळण्याकडे नेऊ लागली. मी म्हटलं, “नाही. त्यात मी त्यांच्याशिवाय बसणार नाही.”

“मग उंटावर बस. नुसती उभी राहून काय करणार?”

मी उंटावर बसले. का बसले, याचं उत्तर मला आजही देता येत नाही. लाकडी उंट, पाठीवर लाल खोगीर, गळ्यात घुंगरू. बसताना तिथे कामाला असलेल्या दोघी मुलींनी उचलून बसवलं. घोडे-उंट गोल फिरले, थांबले, सगळे उतरले, आणि माझ्या साडीचा काठ रिकिबीत अडकलेला आढळला. चालवणारी फिलिपिनो मुलगी ओरडली, “मॅम, डोन्ट मूव्ह!” मी हलणार कशी? गुडघा एका बाजूला, साडी दुसऱ्या बाजूला. खाली मुलांची रांग खोळंबली होती. शेवटी ती म्हणाली, तुम्ही बसूनच राहा, पुढच्या फेरीनंतर बघू. अशा चार फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीत बिलकीस समोरून जाताना दिसे आणि दर वेळी ती जास्त हसत असे. पाचव्या वेळी अर्चनाने कुणाकडून तरी कात्री आणली. एक्क्याऐंशी सालचा वीतभर काठ त्या उंटाच्या पायाशी राहिला.

भुकेने आणि अपमानाने माझा जीव कासावीस झाला. गेटवर जाऊन निदान एक पुरी खावी, आणि गाडीत बसलेल्या यांच्याजवळ बसावं, म्हणून मी बाहेर आले.

गाडीत हे नव्हते. गाडीपलीकडे फुटपाथवर माणसांचं कोंडाळं जमलं होतं. मध्ये आमच्या घडीच्या खुर्च्या, आणि त्यांच्यामध्ये पाण्याच्या कॅनवर चक्क कॅरम बोर्ड. एका खुर्चीत हे, समोर एक पांढऱ्या दाढीचे अरब आजोबा, बाजूला बदरुद्दीन. मागे बायकांची वाट बघत थांबलेले आणखी सात-आठ नवरे उभे. आमचा पुऱ्यांचा डबा त्या सगळ्यांच्या हातून फिरून रिकामा होऊन जमिनीवर पडला होता.

“हे अबू राशिद,” बदरुद्दीनने ओळख करून दिली. “बेगम आत हाय त्यांची. कॅरम कायम गाडीत असतो.”

“भाभीजी, बहोत अच्छा पूरी,” अबू राशिद म्हणाले. या वयाचे इथले लोक आपल्यापेक्षा चांगली हिंदी बोलतात. “तुम्हारा आदमी बहोत खतरनाक खेलता है. हम बोला, इतना साल किधर छुपा था?”

हे माझ्याकडे बघायला तयार नव्हते. बाह्या वर केल्या होत्या. स्ट्रायकर कोपऱ्यात लावून एक डोळा मिटून म्हणाले, “तू आलीस कशाला? जा की आत. आमचा बोर्ड चालू आहे.”

मला राग यायला हवा होता. आलाच. पण त्यांच्या आवाजात महिन्याभरात पहिल्यांदा माणूस ऐकू आला होता, त्यामुळे राग पूर्ण पोचला नाही. सांदणांच्या डब्यात तळाशी एक तुकडा शिल्लक होता. तो खाऊन मी उभ्यानेच खेळ बघत राहिले. अल क्वोजमध्ये दुपारच्या सुट्टीत कामगारांबरोबर हे कॅरम खेळायचे, एवढं मला माहीत होतं. इतकं चांगलं खेळायचे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

अजान झाली. काही जण नमाजाला गेले, परत आले. धक्क्यावर दिवे लागले. मला शोधत बिलकीस, अर्चना आणि काव्याही बाहेर आल्या. रिझवान स्वतः चालत आला. “अम्माजी, अब फॅमिली टाइम. अंकल जा सकते हैं. लेकिन झूले का आख़िरी चक्कर जल्दी है, आज ऑपरेटर को छुट्टी चाहिए.”

“अहो, चला,” मी म्हटलं.

“एक मिनिट.”

“अहो.”

“राणी घेतलीय, कव्हर घ्यायचंय. थांब ना.”

पाळणा आमच्या डोक्यावर दिव्यांनी उजळला होता आणि त्यात माणसं चढताना दिसत होती. मी पुन्हा “अहो” म्हटलं. ते हाकेसारखं नसतंच मुळी. त्यात मान वळवण्याची सक्ती नसते. लग्नात उखाण्यात घेतलं त्यानंतर यांचं नाव मी तोंडातून काढलं नव्हतं. बँकेत विचारलं तरी मी कागद पुढे करायची. पण चाक हलायला लागलं, आणि मला दिसलं की आता नाही तर मग कधीच नाही.

“वासुदेव!” मी ओरडले. “ऊठ!”

बदरुद्दीनच्या हातातलं लोणचं तसंच राहिलं. बिलकीसने तोंडावर पदर घेतला. अर्चना माझ्याकडे बघत राहिली. हे उभे राहिले होते. कसे उभे राहिले ते त्यांनाही कळलं नसावं. स्ट्रायकर खाली पडून घरंगळत गेला.

“यल्ला, वासुदेव,” अबू राशिद हळूच म्हणाले. “अब जाना पडेगा. मेरा घर में भी ऐसा है.”

आम्ही जवळजवळ पळतच गेलो. ऑपरेटरने शेवटच्या पाळण्याची साखळी लावायला घेतली होती. रिझवानने लांबून ओरडून त्याला थांबवलं. आम्ही आत बसलो. साखळी लागली. आणि तीच करकर झाली, सासूबाईंनी ऐकलेली.

वर गेलो. खाली समुद्र काळा होत चालला होता, किनाऱ्यावर दिवे, लांब बोटींचे दिवे. मी मनात काय काय ठरवून ठेवलं होतं. म्हणणार होते की बघा, इथून सुरू केलं होतं आपण. म्हणणार होते की आपण काही टूरिस्ट नव्हतो. श्वास घेऊन बोलायला तोंड उघडलं, तर हे माझ्याकडे पाठ करून, वाकून खाली बघत होते. समुद्राकडे नाही. फुटपाथकडे.

“बदरुद्दीन!” हे पाळण्यातून ओरडले. “बोर्डाला हात लावायचा नाही! सगळं माझ्या ध्यानात आहे!”

खालून दहा-बारा आवाज आले. कुणी टाळ्या वाजवल्या. अबू राशिद हात वर करून काहीतरी ओरडत होते. हे त्यांना दोन्ही हातांनी हातवारे करून उत्तर देत होते, आणि पाळणा डोलत होता. मग हे एकदम माझ्याकडे वळले. “अगं, उद्या परत बोलावलंय त्यांनी. परवाही. गुरुवारपर्यंत रोज. सगळ्यांना सांगून ठेवलंय, मी निघालोय म्हणून. अबू राशिद म्हणाले, एअरपोर्टवर सोडायला येतो.”

मी यांच्या तोंडाकडे बघत राहिले. म्हटलं, “सांगितलंत सगळ्यांना?”

“मग? न सांगता जायचं की काय?”

मला इतकं हसू आलं की बिलकीसने लावलेली पट्टी एका बाजूने उसवली. मी पदर ओढून घेतला. पाळणा पुन्हा वर गेला. या वेळी यांनी माझा हात धरला. घट्ट, पार खाली येईपर्यंत. प्रेमाने धरला की उंचीला घाबरून, ते मी विचारलं नाही.

खाली काव्या उभी होती. “सो? हाऊ वॉज इट, आजी?”

“समुद्र फार छान दिसतो गं वरून,” मी म्हटलं.

“राणीचं कव्हर अजून बाकी आहे,” हे म्हणाले, आणि बाह्या सरसावत गेटकडे निघाले.